अर्धा किलो काटवल

नाईट संपवून तशीच बाजारात शिरले.
काटवलाच्या ढिगामागची बाई उठून उभी राहिली.
"तुमीच ना बाई? थ्या रातच्या सिस्टर?
माह्या पोराले साप डसला होता तवा."
आणि तागडीत न घालताच
ओंजळी ओंजळीनं माझ्या पिशवीत भरू लागली.

मी हसले. ते येतं मला.
आठव्या वर्षी आपोआप जमतं,
सुई शिरेत जाते तसं, न बघता.

कोणता पोरगा?
रोवणीच्या दिवसांत रोज एक येतो, कधी तीन.
कुणी टेम्पोत, कुणी फटफटीवर दोघांच्या मधे बांधलेला,
कुणी मांत्रिकाकडून उशिरा, पायाला दोर, दोराखाली निळं.
मी विचारते, किती वाजता, कुठं, पाहिला का साप,
डोळे उघड. मान उचल. एक ते वीस मोज.
एक मुलगी मोजता मोजता
अकरावर थांबली होती.
अकरा आठवतं. मुलगी नाही.

मग रक्त काचेच्या नळीत घ्यायचं
आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही.
तेवढ्यात लसीच्या बाटल्या मोजायच्या,
दारू पिऊन नालीत पडलेल्याच्या कपाळासाठी टाक्यांचा ट्रे,
चंद्रपूरला रेफरची चिठ्ठी, १०८ ला फोन, पुन्हा फोन,
दारातच कळा येणारी एक, तिच्या सासूच्या शिव्या.
तिघींचं काम. दोघींच्या नावापुढं 'रिक्त'.
हा शब्द कोतपल्लीवार बाबू
फार सुबक लिहितात, दर महिन्याला, लाल शाईनं.

वीस मिनिटं झाली की नळी तिरकी करायची.
धरलं असेल तर बरं.
पाण्यासारखं हललं, तर परड.

मागच्या महिन्यात लेक पायरीवरून पडली,
गुडघा फोडून रडत आली माझ्याकडं.
मी म्हटलं, "सोबत कोण आहे?"
ती म्हणाली, "तू."

कुसराम सिस्टर रिटायर होताना म्हणाल्या होत्या,
पहिल्या वर्षी मी संडासात जाऊन रडायची,
मग चहा प्यायला लागली.
त्यांच्या निरोपाचा पेढा
मी अर्धा खाल्ला, अर्धा बीपीच्या मशीनवर ठेवला,
सकाळी मुंग्या होत्या.

बाई अजून भरतेच आहे.
मी तिच्या मागं बघते. ताडपत्री, पाण्याची बाटली,
झोपलेलं कुत्रं. पोरगा नाही.
शाळेत असेल. शेतात असेल.
तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही,
चेहरे वाचायचं काम मी रात्री करून आलेय.
विचारायला दोनच शब्द लागतात : कसा आहे?
'डसला होता' म्हणाली ती.
त्या 'होता'त साप किती आणि पोरगा किती,
शाळेत व्याकरणाला मला चांगले मार्क होते.

मी शंभराची नोट काढली.
"पैसे नोको," ती म्हणाली,
"तुमी त्याचा हात सोडला नाई."

मी हात धरला होता?
नाडी बघत असेन.

घरी आले. लेक शाळेत गेलेली,
तिच्या ताटात पोळीचा काठ.
पिशवी ओट्यावर ठेवली
आणि तिच्यासमोर उभी राहिले, हात न लावता.
भिंतीवरचं घड्याळ बघितलं, सवयीनं.
मग पिशवी तिरकी केली.

हिरवी, मऊ काट्यांची, कुठं कुठं ओली माती.
एक घरंगळत फ्रिजखाली गेलं.
मी फरशीवर पालथी झाले, ड्युटीच्याच कपड्यांत,
हात आत घातला, खांद्यापर्यंत.
बोटांना लागत होतं.
येत नव्हतं.