उणे चिन्ह

कुपवाड एमआयडीसीतली ही सरकीच्या तेलाची रिफायनरी
माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
मालक भूपाल मगदूम पहिल्याच दिवशी म्हणाले,
नवीन काही बांधायचं नाही मॅडम, आहे त्यातच बसवा.
आणि पृथ्वीचं नंतर. आधी आकडा.

म्हणून आकडा.
सहा टनांचा बॉयलर, दिवसाला अठरा टन कोळसा,
चिमणीच्या तोंडाशी दोनशे चाळीस अंश.
आभाळ तापवायचं कंत्राट कुणी दिलेलं नसताना
आपण ते इमानेइतबारे पुरं करतोय.

आत त्याहून गंमत.
शुद्ध तेल उकळतं बाहेर येतं, त्याला निववायला कूलिंग टॉवर.
पलीकडे कच्चं तेल गार पडलेलं, त्याला तापवायला वाफ.
दोघांच्या मध्ये एक भिंत,
भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर.
तीस वर्षं शेजार, आणि ओळख नाही.

मी ओळी लावल्या, स्वस्तापासून महागाकडे :
एक टन कार्बन रोखायला किती रुपये.
हवेची झडप नीट लावणं. गळके ट्रॅप बदलणं.
वाफेचं गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत देणं.
त्या भिंतीला भोक पाडून दोन्ही तेलांची गाठ घालणं.
खाली, अगदी खाली, उसाच्या चिपाडाच्या विटांवर चालणारा नवा बॉयलर,
ज्याच्या किमतीवर मगदूमांनी बोटही ठेवलं नाही.

वरच्या सहा ओळींपुढे उणे चिन्ह.
"उणे म्हणजे तोटा ना?"
नाही. उणे म्हणजे धूर रोखायचे पैसे
उलट तुम्हालाच मिळतात.
ते चष्मा पुसत राहिले.
"आमच्यात उणं काढतात मॅडम. असं हातात कुणी देत नाही."

ट्रॅप शोधायला बरोबर दस्तगीर मुजावर, बॉयलरवाले.
माझ्याकडे कानाला लावायचं महागडं यंत्र,
त्यांच्याकडे हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर :
टोक ट्रॅपवर, मूठ कानाच्या हाडावर, डोळे मिटलेले.
"ह्यो गळतोय. ह्यो बी. ह्यो झोपलाय."
एकेचाळीसांपैकी तेरा माझ्या यंत्राला सापडले.
त्यांना अकरा.
उरलेले दोन डाव्या बाजूच्या ओळीत होते,
आणि डावा कान सव्वीस वर्षं फर्नेसच्या पंख्याकडे होता.
ते काही बोलले नाहीत.
मीही तक्त्यात तेरा एवढंच लिहिलं.

मंगळवारी लॅगिंगवाले आले.
उघडे पाइप, उघडे फ्लँज, सगळ्यांना
लोकरीची बंडी आणि वर पत्रा.
दुपारी मुजावर डबा हातात घेऊन उभे.
पंपामागच्या इंची फ्लँजवर ते रोज भाकरी ठेवायचे,
कालवण वर, झाकण तिरकं, दहा मिनिटं.
आता तिथं पत्रा, हात लावला तर गार.
"चांगलं झालंय काम," ते म्हणाले, आणि गार भाकरी मोडली.

त्या एका फ्लँजचा हिशोब मी तिथंच केला :
वर्षाला दोनशे किलो कोळसा, अठराशे रुपये,
वायू साधारण साडेतीनशे किलो.
लॅगिंगवाल्याला सांगितलं, एवढा सोडव.

अहवालात रकाना आहे, 'कारण'.
सगळ्या ओळींना कारण लिहिलंय.
ह्या ओळीपुढे आधी 'तांत्रिक' लिहिलं,
मग खोडलं.
मगदूम उद्या सही करायला बसतील,
प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतात ते.