किटलीसाठी एक

मिरजेच्या पेठेत रसूल आतारांचं अत्तराचं दुकान.
ते चालेना, म्हणून सन छत्तीसच्या थंडीत
आजोबा चहाच्या कंपनीला लागले.
महिना अठरा रुपये, एक खाकी कोट,
निळ्या फुलांची चिनी मातीची किटली
आणि मराठीत छापलेला एक कागद:

पाणी एकदाच उकळावे.
किटली आधी ऊन पाण्याने विसळावी.
पत्ती माणशी एक चमचा, आणि किटलीसाठी एक.
पाच मिनिटे झाकून ठेवावे. पत्ती कधीही उकळू नये.
खाली बारीक टायपात:
विलायतेत घरोघरी असाच करतात.

आष्ट्याच्या बाजारात, तासगावात, विट्याला
गाडीच्या साटीवर उभं राहून आजोबा कागद वाचत.
फुकट म्हटल्यावर कोण ऐकणार नाही?
कपाला मात्र कुणी हात लावत नसे.
कुणी तांब्या आणे, कुणी पळसाचा द्रोण,
गावकुसाबाहेरची पोरं लांबूनच करवंट्या पुढं करत.
आजोबा सगळ्यांना एकाच उंचीवरून ओतत.
हे कागदावर नव्हतं.

एका म्हातारीनं विचारलं,
"ह्यो किटलीचा चमचा पितं कोण रं?"
आजोबा गप्प.
"आमी बी पयला घास काढून ठेवतो," ती म्हणाली,
"पन त्यो गाईला जातो."

मग पैशाला एक अशा पुड्या खपू लागल्या.
पुढच्या फेरीला आजोबांना वेशीवरच कळलं,
अत्तरवाल्याचं नाक ते:
आत आळीआळीत पत्ती उकळतेय.
आलं, गूळ, गवती चहाची पात,
तिसऱ्या उकळीला काळीमिट्ट.

पुण्याहून तपासायला प्रिचर्ड साहेब आला.
खिशातलं घड्याळ काढून
किटलीसमोर पाच मिनिटं बसला,
मयताजवळ बसावं तितका गप्प.
मग पहिला घोट घेऊन मोकळा झाला.
म्हणाला, आमच्यात दूध आधी घालतात की मागाहून,
यावरून माणसाचं घराणं कळतं.
आजोबा म्हणाले, आमच्यात कपावरून.

साहेबानं ते वहीत घेतलं नाही.
वहीत दोनच ओळी होत्या,
आजोबा मरेपर्यंत त्या म्हणून दाखवायचे:
पद्धत, चूक.
खप, दुप्पट.

किटली कोयनेच्या भूकंपात फळीवरून पडली.
पहाटेची वेळ, सगळे रस्त्यावर कुडकुडत,
आणि कुणीतरी तीन दगडांवर पातेलं चढवलेलं.
झाकण तेवढं वाचलं.
अम्मी त्यात सुई-दोरा ठेवते.

आमच्याकडे आता जर्मनचं भांडं,
आलं ठेचलेलं, गूळ कवलापूरचा, दूध सगळ्यात शेवटी.
अम्मी माणसं मोजते,
माणशी एक चमचा टाकते,
हात जरा थांबतो,
आणि आणखी एक.

परवा घरी कुणी नव्हतं.
मी एकट्यापुरतं पाणी ठेवलं
आणि दोन चमचे टाकले.