गिरणेत पाणी नाही

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा,
एक नदी आणा समोर.
हाताची थरथर पानावर ठेवा
आणि द्या सोडून.

मिटले.
पण माझी नदी गिरणा, आणि महिना चैत्राचा.
पान ठेवलं ते वाळूवरच राहिलं,
वाऱ्याने उलटं झालं, एवढंच.

चाळीस वर्षं घड्याळं उघडली
भडगावच्या स्टँडसमोर,
केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात, श्वास धरून.
आता चहाची बशी वाजते हातात.

बाई विचारतात, वाहतंय का?
मी म्हणतो, थांबा.
वाळूत लांब काहीतरी हिरवं आहे.
बुधा भोईची डांगरवाडी.
दरसाल पुरात जायची,
दरसाल तो वाफे आखायचा.
पोरपणी एक डांगर ओढलं मी तिथं,
अख्खी वेल मुळासकट हातात आली.
रागावला नाही. म्हणाला,
"वढू नको रे भो,
पिकनं का देठ सोडी देस.
तू फक्त हात खाले धर."

धरलाय.
गुडघ्यावर, उताणा.
थरथरतोय, थरथरू दे.
वाळू तापलीय, पिकल्याचा वास येतोय.

खिशातला चिमटा
उद्या सुपडूच्या पोराला देईन म्हणतो.
किंवा परवा.