लाल खूण

पिशवी काळी होती, रात्र तितकी नव्हती.
सुदामा नगरात दिव्याचे खांब फार.
तरी गेले मी पावणेदोनला,
गाउनवर शाल ओढून,
कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटपर्यंत,
जिथे पूर्वी उकिरडा होता
आणि आता भिंतीवर सूर्यफूल रंगवलंय,
खाली जुन्या टायरमध्ये सदाफुली.
टायरआड पिशवी ठेवली.
परतताना कुत्रंसुद्धा भुंकलं नाही,
त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं असं करायला.
एकदाच विचारलं होतं,
"गाडीवरची ती बाई सगळं उघडून बघते ना?"
आणि भिंतीकडे वळले.
एकेचाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस
कुशीवर वळला की
पांघरुणाखाली एक वाकडी रेषा, बस.

नियम मला पाठ आहेत.
कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा ओल्यात.
दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, प्लास्टिकात.
गेलेला बल्ब वेगळा, मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या.
शेवेच्या पुड्याचा कागद तेलकट असेल तर
निगुडकर वहिनी मला विचारतात, कुठे टाकू?
मागच्या दारी सहा डबे आहेत माझ्या,
झाकणांवर नेलपॉलिशने नावं घातलेली.
सहाव्याचं झाकण मात्र
पंधरा दिवस उघडलं नव्हतं.

साडेनऊला दरोगा आले, पथरोड.
हातमोजे, काठी, कमरेला पावतीचं मशीन.
फाटकासमोरच पिशवी उकलली.
औषधाच्या दुकानाचं बिल सगळ्यात वर.
त्यांनी ते वाचलं, रेशनची यादी वाचावी तसं:
जी. आर. खांडवेकर, वय त्र्याऐंशी,
डायपर, मोठा, दहा नग.
समोर वहिनींचा हात
कढीपत्त्याच्या डहाळीवर तसाच राहिला.

मी पाचशेची नोट शोधत होते
तेवढ्यात वॉकरचे चार पाय वाजले.
पायरीपर्यंत आले ते, एकटेच.
सदऱ्याची वरची गुंडी लावलेली.
"नाव माझं आहे," म्हणाले,
"पावती माझ्याच नावाने फाडा."
मशीन किरकिरलं.
कोणीच काही बोललं नाही.
पथरोडांनी पावती दोन्ही हातांनी दिली.

गाडी उशिरा आली त्या दिवशी.
सुगनबाई खाली उतरली,
सगळं तिला आधीच कळलेलं. इंदूर आहे हे.
म्हणाली, "दीदी, अखबार में लपेटो,
ऊपर लाल निशान लगा दो.
निशान दिखा तो मैं खोलती ही नहीं."
मग अंगठा दाखवला,
मोज्याच्या भोकातून पट्टी दिसत होती.
"निशान नहीं होता, तो हाथ डालना पड़ता है."

म्हणजे खूण लपवण्यासाठीच होती.
मी नुसत्या लाल रंगालाच घाबरले होते.
आणि त्या पंधरा रात्री
माझ्या पिशव्यांत कोणाचा हात गेला असेल,
हे मी तोवर एकदाही मोजलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी खण उघडायला लावला.
लाल-निळी पेन्सिल, चावल्यासारखी बोटभर,
वह्या तपासायची.
ब्लेडने टोक काढलं, लाल बाजूचं.
मी बांधलेली पुडी नापसंत केली,
कोपरे मिळत नाहीत म्हणून पुन्हा घडी घातली,
काटकोनात.
मग वर वर्तुळ काढलं.
एके काळी कंपासशिवाय फळ्यावर काढायचे,
मुलं टाळ्या वाजवायची म्हणतात.
आज दोन टोकं गव्हाच्या दाण्याएवढी चुकली.
बघत राहिले थोडा वेळ.
चालेल, म्हणाले.

पावती त्यांनी हिशेबाच्या वहीत डकवली,
मी नको म्हणत असताना.
दिवा घालवायला गेले तर
मूठ पुढे केली त्यांनी, जपून, अर्धवट मिटलेली:
"आणि हे ब्लेड?
हे कोणत्या डब्यात?"