काटा

मर्सी नदीत जाळं उपसताना
डरवर्डच्या तळहातात प्लॅटिपस नरानं
मागच्या पायाचा काटा रुतवला.
कळ मॉर्फिनलाही दाद देईना.
तीन महिने हाताचा दुधीभोपळा.
काट्यानं काटा काढायचा, तर
असा दुसरा आणायचा कुठून?

नर्स पट्टी बदलताना सांगायची:
मादी अंडी घालते, वर दूधही पाजते,
स्तनाग्रं नाहीत,
कातडीतूनच पाझरतं, पिल्लं केस चाटतात.
जठर तर नाहीच मेल्याला.

डरवर्ड हसला नाही.
त्याला आठवायची ती बुडी:
डोळे मिटले, कान मिटले, नाकपुड्या मिटल्या,
आणि चोचीला कळली
गाळातल्या कोळंबीच्या अंगातली वीज.

दिवा मालवला.
पलीकडे पाठ करून मॅव्हिस,
श्वाससुद्धा झोपेतला.
जागी आहे,
सुजल्या हाताला कळलं.