मंगळवारचे रकाने

पहिल्या दिवशी मला मिळालं
एक डगमगतं टेबल, चाळीस हजार ओळींची फाइल,
आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र,
ज्यात माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं.
मेकॅनिकल, तिसरं वर्ष. पंप उघडून पुन्हा बसवता येतो मला;
चक्रवाढ व्याज तेवढं बसत नव्हतं.

मिस्टर डॉन्कोर म्हणाले, ‘आधी डेटा धुऊन घे.’
जणू तांदूळच.
मी धुतला.
तीन स्पेलिंगांनी तीन बायका झालेली एक बाई
पुन्हा एक केली.
एकाचं वय होतं दोनशे सात, त्याला सत्तावीसचा केला.
गाळ काढून झाल्यावर तळाशी उरले
कोरे रकाने.

ताकोराडीतली आमची कंपनी सुसूची.
वसूलदार रोज दारात येतो, कार्डावर एकतीस चौकोन,
पहिला त्याचा, बाकीचे तुमचे.
सेकोंडीच्या किनाऱ्यावरची कार्डं मात्र
दात पडलेल्या पोरासारखी हसत होती.
थोडे भरलेले, एक गायब.
थोडे भरलेले, एक गायब.

मॉडेल म्हणालं, माणसं बेभरवशाची.
मॉडेल म्हणजे मीच,
रात्री जागून लिहिलेल्या साठ ओळी,
नागा पडला की उणे चार गुण.
सहाशे बारा नावं लाल झाली.
कर्जाला नालायक.
मिस्टर डॉन्कोर म्हणाले, ‘स्लाइड छान झालीय.’

ओटू काका काही म्हणाले नाहीत.
बावीस वर्षं वसुली, वही प्लास्टिकच्या पिशवीत,
खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालणारं.
स्लाइडकडे बघून ते फक्त चष्मा पुसत राहिले,
आणि निघताना: ‘उद्या बूट घालून ये. चालायचंय.’

उद्या मंगळवार होता.

होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या,
बाजूंवर रंगवलेली वचनं उन्हात वाळत होती.
पुरुष जाळी शिवत होते, पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून.
मासे धुरावायच्या भट्ट्या गार,
एका भट्टीत मांजर झोपलेलं.
कुणीच पैसे देत नव्हतं आणि काका कुणाला मागतही नव्हते,
नुसती विचारपूस करत चालले होते.

मी विचारलं, आज सगळ्यांचाच नागा?
मामे बेन्त्सिवा हसली, गुडघे धरून हसली.
‘नाव काय गं तुझं?’
‘अराबा.’
‘मंगळवारी जन्मलीस, आणि मलाच विचारतेस?
आज समुद्राचा वार.
आज आम्ही त्याच्या घरात शिरत नाही.
त्यालाही घरची कामं असतात.’

एकवीस वर्षं हा वार मी नावात घेऊन हिंडले,
हजेरीपटावर, बँकेच्या फॉर्मवर,
आणि एकदाही उघडून पाहिला नाही.

तार्क्वाच्या खाणीत महिन्यातून एकदा क्रशर थांबायचा.
त्याला सगळे मेंटेनन्स म्हणायचे,
मी ‘बाबा घरी’ म्हणायची.
त्या क्रशरला कुणी बेभरवशाचा म्हटलेलं
मला आठवत नाही.

परत येऊन एक ओळ लिहिली.
किनारा असेल आणि मंगळवार असेल, तर मोजू नये.
दुसरी लिहिली जुलैसाठी,
जेव्हा मासेमारीला सरकारचीच बंदी असते.
सहाशे बारांचे एकेचाळीस झाले.
मिस्टर डॉन्कोरनी बराच वेळ पडदा पाहिला.
‘आधीची जास्त उठून दिसत होती,’ म्हणाले,
आणि नवीच पुढे पाठवली.

आठ आठवडे संपले. ओळखपत्र परत दिलं,
गाळलेलं अक्षर त्यात शेवटपर्यंत आलं नाही.
बसमध्ये तो आकडा मात्र सोबत बसला:
एकेचाळीस.
त्यांचा कुठला वार असेल,
कुणाच्या आजारपणाचा, कुणाच्या रुसव्याचा,
की ती खरंच बुडवणारी माणसं असतील?
अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहून आलेय,
चालणाऱ्या पेनाने:
इथे पायी जावं लागेल.