उजवी मूठ

नागोयात, ओसूच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
कुरोइवांचं दुकान. जिना इतका अरुंद
की मोठा खोका घेऊन चढणाऱ्याने
उतरणाऱ्याला आधी हाक घालायची.

चिगुसा कवळ्या बनवते. दर गुरुवारी
काम संपलं की येते, नखांत अजून गुलाबी मेण,
आणि विचारते, आली का?
कुरोइवा मान हलवतात. चहा विचारतात.
ती नको म्हणते, आणि पिते.

कासासागी-सात. त्र्याऐंशी सालची मालिका.
सव्वीस भाग ठरलेले, एकोणिसाव्याला बंद पडली
कारण खेळणं खपलं नाही.
खेळण्यासाठीच मालिका होती हे
सहा वर्षांच्या मुलांना कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांना वाटलं, आपण हरलो.

पडद्यावर तो चार सेकंदांत बदलायचा:
पंख मागे, पाय खाली, छाती उघडायची
आणि डोकं वर. पण कुठून?
विमानाच्या पोटात तर चालक बसलेला.
चितारणाऱ्यांनी मधे पांढरा झोत टाकला
आणि त्या उजेडात जे उरकायचं ते उरकलं.

चित्राला थाप मारता येते.
ओतीव जस्ताला नाही.
त्याला बिजागरी लागते, खाच लागते,
न घासता वळायला अर्धा मिलिमीटर मोकळीक लागते.
साचा घडवणारा कोणी नेगोरो होता.
त्याने डोकं उलटं करून पाठीत ढकललं,
चेहरा आतल्या बाजूला.
म्हणजे उडताना कासासागीला आकाश दिसत नाही.
दिसते फक्त चालकाची मान.
चिगुसाला हे चाळिशीत कळलं,
स्क्रू काढल्यावर.

लहानपणी तो तिचा नव्हताच. मिचिओचा होता.
तिला स्वयंपाकघराचा संच मिळालेला,
त्यातल्या गॅसची बटणं फिरायचीसुद्धा नाहीत.
मिचिओ बावीस टप्प्यांत विमानाचा माणूस करायचा,
ती बाजूला बसून मोजायची.
तेराव्याला तो नेहमी चुकायचा. ती सांगायची नाही.

मूठ स्प्रिंगने सुटायची. फक्त उजवी;
डावीची स्प्रिंग कंपनीने वाचवलेली.
एका संध्याकाळी त्याने ती गच्चीतून सोडली.
कोणाला लागली नाही. सापडलीही नाही.

आता तिच्याकडे अकरा कासासागी आहेत,
आणि अकराही थोटे.
झाकली मूठ म्हणावी, तर मूठच नाही.
तिला बनवता आली असती. एका दुपारचं काम,
रेझिन प्रयोगशाळेत पडलेलं असतं.
पण दिवसभर लोकांच्या तोंडात
खरं वाटेल असं बसवून आल्यावर
घरी तेच करायचं?

नववर्षाला तिने सेंदाईला फोन केला.
विमा विकणारा मिचिओ म्हणाला,
कुठला रोबो?

फेब्रुवारीतला गुरुवार. इबुकीवरून वारं सुटलेलं,
जिन्यात कोणीच नव्हतं, तरी तिने हाक घातली.
कुरोइवांनी गल्ल्यावर पिशवी ठेवली,
औषधाच्या पुडीएवढी.
मनगटाशी रंग उडालेला, आणि दातांच्या खुणा.
तिने भिंग न लावता वाचल्या:
दुधाचे, वरचे दोन, मधे फट. खालचा एक पडलेला.
मिचिओ नव्हे. त्याचे दात पुढे होते.
दुसराच कोणी पोरगा, टीव्हीसमोर बसून
एकोणिसावा भाग बघताना चावत असेल.
नऊ हजार येन. तिने घासाघीस केली नाही.

घरी तिने सगळ्यात जुना खाली काढला,
बावीस टप्पे, तेराव्याला थांबली, पुढे गेली.
मूठ बसवली. खट्ट.
पूर्ण कासासागी. बेचाळीस वर्षांनी.
फडताळात मधली जागा तिने केव्हाच पुसून ठेवलेली.

ठेवायच्या आधी अंगठा खटक्यावर गेला.

आता ती स्वयंपाकघरात पालथी पडली आहे,
गाल थंड फळ्यांवर, हातात मोबाइलचा उजेड.
फ्रिजखाली, एका सुकलेल्या मटारापाशी
ती दिसते आहे, निळी, चावलेली.
हात चार बोटं कमी पडतो.
काठी आणायला उठलं पाहिजे.
उठेल. अजून थोड्या वेळाने.